शाबूत कानांनी केलेला विमानप्रवास

सात वर्षं मी कंपनीत सांगत आलो, की माझ्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे आणि डॉक्टरांनी मला विमानात बसायला सक्त मनाई केली आहे. माझ्या दोन्ही कानांचे पडदे शाबूत आहेत. भोक होतं ते अकलेला.

थाप तशी वाईट नव्हती. चाकणच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनतात. प्रेसच्या त्या दणदणाटात बहिरेपणाला कोणी नावं ठेवत नाही, उलट ती सेवाज्येष्ठतेची खूण समजतात. आमची गिऱ्हाइकं मात्र चेन्नईला, गुजरातेत, पार उत्तराखंडात. माल नापास झाला की क्वालिटीच्या माणसाने तिकडे धावायचं. बाकीचे उडत जात, मी रेल्वेच्या वरच्या बर्थवर पाय पोटाशी घेऊन जात असे आणि पोचेपर्यंत भांडण निम्मं थंड झालेलं असे. अडचण एकच होती. कुठला कान, हे मी अधूनमधून विसरायचो. एकदा मीटिंगमध्ये उजवा कान पुढे करून "काय म्हणालात?" असं विचारलं, तर स्टोअरचा माणूस म्हणाला, "राव, तुमचं भोक सरकतं का?"

घात केला तो वार्षिक श्रवणचाचणीने. आजवर ती फक्त प्रेसवरच्या लोकांची व्हायची, यंदा आम्हा क्वालिटीवाल्यांनाही तिच्यात ओढलं. कानाला यंत्र लावतात आणि बारीकशी 'टूं' ऐकू आली की बटण दाबायला सांगतात. आता मला लहानपणापासून खोड अशी, की परीक्षा म्हटली की पहिला नंबर काढायचा. मी डोळे मिटले, श्वास रोखला आणि मुंगीच्या चालीएवढ्या आवाजालाही टपाटप बटण दाबलं. थाप, भोक, मनाई यातलं काहीही त्या पंधरा मिनिटांत मला आठवलं नाही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. रांगेतल्या वीस जणांसमोर म्हणाल्या, "या कारखान्यात इतके चांगले कान मी पाहिले नव्हते."

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, चेन्नईहून तक्रार आली.

तक्रार साधी नव्हती. ड्रायव्हरच्या सीटखाली एक पट्टी असते, तिच्यावर नट वितळवून चिकटवलेला असतो. आमच्या दोन क्रेटमधले नट हाताने निखळत होते. उद्या सकाळी आठला तुमचा माणूस इथे हवा, नाहीतर सगळा माल परत, असं गिऱ्हाइकाने कळवलं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लँटच्या प्रमुखांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. शोभाताई तिथे आधीच उभ्या होत्या.

शोभाताई चाकणजवळच्या गावातल्या. शेवटच्या तपासणीच्या टेबलावर आठ वर्षं कंत्राटावर काम करतात. प्रत्येक नटाला हातोडीने हलका टोला मारायचा आणि आवाजावरून पक्का की कच्चा हे ओळखायचं, हे त्यांचं काम. पुढच्या महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. साहेबांच्या हातात ती यादी होती आणि दुसऱ्या हातात पेन.

"तपासणी कोणाची? सतरा नंबर. सतरा नंबर कोण? या बाई," साहेब म्हणाले. "असल्या माणसाला कायम करायचं? तुम्ही आजच्या संध्याकाळच्या विमानाने जा, तिकडच्या फॉर्मवर तपासनिसाचा निष्काळजीपणा असं लिहून सही करा आणि या. मग मी यादीचं बघतो." आणि मग अगदी गोड आवाजात, "कान बरा आहे ना आता?"

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं, की आधीच्या शुक्रवारी त्यांनी त्याच दोन क्रेटवर पिवळं कार्ड लावलं होतं. पिवळं कार्ड म्हणजे थांबवा, माल सोडू नका. ट्रक दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि डिस्पॅचवाला डोक्यावर नाचत होता. मी म्हटलं, दोन क्रेटने काय होतंय, कार्ड काढलं आणि माल सोडायच्या कागदावर सही केली. टोला मारून पाहिला का? नाही.

आणि केबिनमध्ये मी बोललो का? तेही नाही. "हो साहेब," म्हणालो आणि बाहेर आलो. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण प्रवासवर्णनात मुक्कामाची सगळी ठिकाणं लिहायची असतात.

दुपारी एकला कंपनीच्या गेटवर गाडी आली. ड्रायव्हर बीडकडचा, चिखलीत राहणारा. माझ्या बायकोने डबा आणि दोन कपडे देऊन बॅग त्याच्याच हाती पाठवली होती, बरोबर निरोपही होता, "विमानात बसल्यावर फोन करा, घाबरून उतरू नका." म्हणजे हिलाही माहीत होतं! सात वर्षं एका छपराखाली राहून एका शब्दाने बोलली नाही.

चाकणच्या चौकात आमची गाडी जी रुतली ती रुतलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे दुचाकीवर शिफ्टला निघालेली माणसं, आणि कडेला एक ट्रेलर रस्त्यातच आडवा घालून त्याचा चालक खाली उतरून निवांत तंबाखू मळतोय. या रस्त्यावरून देशभरच्या गाड्यांचे सुटे भाग जातात आणि याच रस्त्यावर गाडी चालत नाही, याचा संताप कोणालाच कसा येत नाही? मी काच खाली करून त्या ट्रेलरवाल्याला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही एवढ्या घाईत असाल तर उडून जा."

"उडूनच चाललेत की ओ ते," आमचा ड्रायव्हर ओरडला आणि खो खो हसला. मग आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, तुमचा चेहरा असा का झालाय? पयल्यांदा बसायलाव का?"

"हो."

"मला बी लई भ्या वाटतं. म्या नाय बसणार बा कधी."

याला म्हणतात धीर देणं! मोशी, भोसरी, दिघी अशी गावं मागे पडत गेली. गावं म्हणायचं आपलं, सगळीकडे सारखंच. वजनकाटे, टायरवाले, लेथची छोटी शेड, आणि मधूनच एखाद्या जुन्या मळ्याचा तुकडा, त्यात मेथी. ड्रायव्हर वाटभर मला विमान पडल्याच्या बातम्या सांगत होता. त्याला फार बातम्या माहीत होत्या.

विमानतळावर माझी पहिली ओळख झाली ती बॅग तपासणाऱ्या जवानाशी. यंत्रातून बॅग गेली, पट्टा थांबला, चार जण गोळा झाले. जवानाने बॅग उघडून कपड्यांच्या खालून, मी गेटवर निघताना सरकवलेली माझी हातोडी काढली. अर्ध्या किलोची, पितळी तोंडाची, लाकडी दांड्याला माझं नाव कोरलेली. क्वालिटीचा माणूस परगावी निघाला की हातोडी घेतोच, सुतार जसा पेन्सिल घेतो. रेल्वेत आजवर तिला कोणी हटकलं नव्हतं.

"हथौड़ी लेके हवाई जहाज में क्या ठोकना है?" जवान म्हणाला.

मी इमानदारीत सांगितलं, "नट चेक करने का है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर उभ्या विमानाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्यानंतरची वीस मिनिटं मी एका बाजूच्या खुर्चीवर बसून तीन वेगवेगळ्या माणसांना सीटखालची पट्टी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शेवटी हातोडी तिथेच राहिली आणि मी आत गेलो. संताप झाला होता, पण खरं सांगायचं तर मनात थोडी आशाही होती, की हे लोक मला जाऊच देणार नाहीत. जवानाने "हैप्पी जर्नी" म्हणून तीही संपवली.

आत एका दुकानात वडा खाल्ला. त्याला ते वडा म्हणत होते. निगडीच्या नाक्यावरच्या गाडीवाल्याने तो पाहिला असता तर त्याने गाडी विकून संन्यास घेतला असता. थंड, ओलसर, आणि बरोबर मिरचीऐवजी लाल रसाची पुडी. बायकोचा डबा उघडून मी तिथेच मेथीची भाजी आणि भाकरी काढली, तर शेजारच्या टेबलावरचे लोक असे पाहायला लागले, जणू मी विमानतळावर शेळी आणली आहे.

आता ही भीती कसली, ते सांगतो. उंचीची नाही. मी कारखान्याच्या छपरावर चढून पत्र्याची गळती शोधली आहे. बंद जागेची नाही. विमानाला घाबरणाऱ्याला लोक जे समजावतात, ते मला सगळं पाठ आहे. रस्त्यापेक्षा आकाश सुरक्षित, पंख तुटत नसतात, वैमानिक दोन असतात. मला विमानाची भीती वाटते कारण ते माणसांनी बनवलेलं आणि माणसांनी तपासलेलं असतं, आणि मी तसलाच एक माणूस आहे. शनिवारी शिफ्ट संपताना तपासणीच्या कागदावरचे चौकोन कसे भरले जातात ते मला ठाऊक आहे. वरून खाली एकाच दमात, बरोबर, बरोबर, बरोबर, आणि तळाशी सही. पेन उचलतसुद्धा नाहीत. रेल्वेचाही कागद असाच कोणीतरी भरत असेल, पण रेल्वे निदान बिघडली तर जमिनीवर बिघडते.

माझी जागा खिडकीशी होती. शेजारी निगडी प्राधिकरणातले एक निवृत्त काका, मुलीकडे चेन्नईला निघालेले. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी खुर्चीचे दोन्ही दांडे असे धरले होते, की ते बरोबर घरी न्यायचे आहेत.

"पहिलीच वेळ?" काका म्हणाले. "सोपं आहे हो. चार मोजत श्वास आत, चार मोजत धरायचा, चार मोजत सोडायचा. डोळ्यांसमोर निळं सरोवर आणा."

मला भीतीपेक्षा अशा उपदेशाचाच जास्त राग येतो. ज्याला भीती वाटते त्याला श्वास घेता येत नाही असं यांना कोण सांगतं? आणि सरोवर! मी लातूर जिल्ह्यातल्या औश्याकडचा. माझ्या डोळ्यांसमोर टँकर येतो.

तरी मी श्वास मोजला. दोनदा चार झाले, तिसऱ्यांदा अकरा झाले, कारण तेवढ्यात घोषणा झाली, की तांत्रिक तपासणीमुळे विमान सुटायला वेळ लागेल.

मी खिडकीला नाक लावलं. पंखाखाली, चाकाशी, पिवळ्या जाकिटातला एक माणूस गुडघ्यावर बसला होता. हातात बॅटरी. चाकाच्या वरच्या खोबणीत मान घालून काहीतरी बघत होता. थोड्या वेळाने एक टापटीप माणूस कागद लावलेली पाटी घेऊन आला, मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि पाटी पुढे केली. जाकीटवाल्याने मान हलवली. नाही. टापटीप माणूस गेला, दुसऱ्याला घेऊन आला. दोघांनी हातवारे केले. जाकीटवाल्याने पाटी घेतली, शेजारच्या गाड्यावर ठेवली, आणि पुन्हा गुडघ्यावर बसला.

काय बोलणं झालं ते काचेतून ऐकू येणं शक्य नव्हतं, माझ्या कानांनाही नाही. पण मला ऐकायची गरजच नव्हती. हा देखावा मी रोज बघतो. ट्रक दारात, हॉर्न चालू, कागद पुढे, आणि समोरचा म्हणतो नाही.

इकडे विमानात लोक खवळले. पुढचा एक जण फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे काही नाही, एक मूर्ख मेकॅनिक अडवून बसलाय." मागून कोणी म्हणालं, "ह्यांना वेळेची किंमतच नाही." कोणी टाळ्या वाजवल्या, त्या चांगल्या अर्थाने नव्हे. अर्धा तास झाला, पाऊण झाला. एका बाईंनी हवाई सुंदरीला बोलावून विचारलं, "सही करायला एवढा वेळ लागतो का?"

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो. पट्टा बांधलेला आहे हे विसरलो होतो, त्यामुळे निम्मा उठलो आणि दाणकन खाली बसलो. बसल्या बसल्याच ओरडलो, "सही करायला वेळ लागत नाही! सही एका सेकंदात होते! तो माणूस सही करत नाहीये म्हणून आपण जिवंत उतरणार आहोत. कळतंय का? त्याच्यावर काय दबाव असेल कल्पना आहे? त्याला मूर्ख म्हणता? अरे, जिसने साइन नहीं किया उसके पाँव पकड़ो!"

हवाई सुंदरी पाणी घेऊन आली आणि ते तिने फार सावकाश, लांबूनच माझ्या हातात दिलं. काका मात्र माझ्याकडे नव्या नजरेने बघत होते.

"तुम्ही कारखान्यात का?"

"हो. चाकणला. क्वालिटीत."

"तुमच्याकडे आहे का हो असं कोणी? कितीही दबाव आला तरी नाही म्हणणारं?"

"आहे. बाई आहे एक."

"वा! मग तिला डोक्यावर घेऊन नाचत असाल."

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाल्यावरही ओठांना लावून ठेवला.

"नाही," मी म्हणालो, "तिला काढायला चाललोय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पिवळं कार्ड, ट्रक, माझी सही, साहेबांची केबिन. काका ऐकत राहिले. एकदाही श्वासाबद्दल बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला भीती वाटते ती, खाली तुमच्यासारखा कोणी असेल याची."

इतका राग मला चाकणच्या चौकातही आला नव्हता. हा निवृत्त माणूस, ओळख ना पाळख, आणि मला सुनावतोय! मी तावातावाने उत्तर जुळवलं आणि ते तोंडात येईपर्यंत त्यातलं एकही अक्षर खरं उरलं नाही. खिडकीबाहेर जाकीटवाला उभा राहिला, गुडघे झटकले, पाटी उचलली, पानं एकेक करून उलटली, आणि मगच सही केली.

विमान निघालं. भीती गेली म्हणून सांगितलं तर तीही सात वर्षांच्या थापेतलीच एक होईल. चाकं सुटली तेव्हा मी दोन्ही पाय वर घेतले. माझे ते नामांकित कान प्रत्येक कुरकुर टिपत होते. पंखांची पाती सरकली तर मी काकांना विचारी, चाकं आत गेली तर विचारी. एकदा ढगात गचका बसला तेव्हा मी त्यांची मांडी धरली. पण एक फरक होता. आधी मला वाटायचं, या सगळ्याच्या खाली कोणी बघितलंच नसेल. आता मला माहीत होतं, की बघितलंय. त्या माणसाचा मळका गुडघा मला दिसत होता. सरोवरापेक्षा तो फार उपयोगी पडला.

वळसा घेताना खाली आमचा सगळा मुलूख दिसला. निळे-पांढरे पत्रे, पत्र्यांना खेटून पत्रे, त्यांच्यामधून नदीची एक काळपट रेघ, आणि महामार्गावर गाड्यांची हलत नसलेली माळ. वरून ती इतकी सुंदर दिसत होती, की मला पुन्हा संताप आला. वरून बघणाऱ्यांनाच हे रस्ते ठीक वाटत असणार.

चेन्नईला उतरलो ते घामाच्या भिंतीत. काकांनी हात हलवला आणि मुलीच्या गाडीत बसून गेले. हॉटेलवर पोचलो, बायकोला फोन केला. "उतरलात? बरं," ती म्हणाली आणि भाजी लागेल म्हणून फोन ठेवला. इतक्या मोठ्या पराक्रमाचा सत्कार तो एवढा.

सकाळी न्याहारीला पोंगल (मुगाची डाळ घालून केलेला मऊ भात, वर मिरे आणि काजू) खाल्लं. केळीच्या पानावर वाढलं होतं, वाफ येत होती, आणि वाढणारे अण्णा (तिकडे दादाला अण्णा म्हणतात) मी "बस" म्हटलं की आणखी एक डाव घालत. पुण्याच्या विमानतळावरचा तो वडा आठवून मी त्यांच्या कढईपुढे हात जोडले. त्यांना वाटलं मी आणखी मागतोय.

कारखाना शहराबाहेर. रस्ता आमच्यासारखाच, फक्त ताडाची झाडं जास्त आणि पाट्या वाचता येत नाहीत. गिऱ्हाइकाकडच्या क्वालिटीचा माणूस सेल्वम, तिशीतला, दाट मिशा, हिंदी माझ्याहून कच्चं. त्याने मला सरळ त्या दोन क्रेटपाशी नेलं. उसनी हातोडी घेऊन मी पहिल्या नटाला टोला मारला. पक्का नट खणखणीत वाजतो. हा मडक्यासारखा वाजला. दुसरा तसाच. पाचवा तर टोल्यासरशी सुटून घरंगळत सेल्वमच्या बुटापाशी गेला. त्या सीटवर कोण बसलेलं असेल, घाटात असेल का, मागे मुलं असतील का, हे त्या वेळी डोक्यात यायला नको होतं, पण आलं. शोभाताईंना हे एका टोल्यात कळलं होतं. मला कळायला चेन्नईपर्यंत यावं लागलं.

क्रेटच्या कडेला स्टेपलरची पिन अजून होती, तिच्यात पिवळ्या कागदाचा कपटा. मी घाईत कार्ड ओढलं होतं, पिन काढली नव्हती.

सेल्वमने फॉर्म पुढे केला. फॉर्म तिकडचाच, पण आमच्या ऑफिसातून भरून आलेला. कारणाच्या रकान्यात आधीच लिहिलेलं, तपासनिसाचा निष्काळजीपणा, क्रमांक सतरा. फक्त सही बाकी.

"सार, साइन," सेल्वम म्हणाला. "देन सापाड." (सापाड म्हणजे जेवण.)

मी पेन घेतलं आणि हात खाली येईना. वाचकहो, मी शूर वगैरे नाही. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे होता. माझी नोकरी, मुलाचं कॉलेज, चिखलीतलं घर, सगळं होतं. "सार?" सेल्वम म्हणाला. मी छापलेल्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, की तपासनिसाने माल थांबवला होता, सुपरवायझरने न तपासता सोडला, आणि तो सुपरवायझर मी. मग सही केली. इतक्या सावकाश, की ती माझी वाटेना.

सेल्वमने वाचलं. पुन्हा वाचलं. "सार, यू मॅड?" असं विचारलं, आणि मग मला जेवायला घेऊन गेला. स्वतःच्या पानातलं अप्पळम (पापड) मला वाढलं. त्याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही.

जेवण संपायच्या आत मोठ्या साहेबांचा फोन आला. "तुम्हाला गिऱ्हाइकाची समजूत काढायला पाठवलं होतं! आत्मचरित्र लिहायला नाही!" त्यानंतर ते जे बोलले ते दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं.

शनिवारी परतीचं विमान. या वेळी शेजारी कोणी नव्हतं आणि खिडकीतून पाहिलं तर विमानाची तपासणी आधीच उरकलेली होती. म्हणजे कोणी बघितलंय याचा पुरावा नाही. दांडे मी पुन्हा धरले. पण मनाशी म्हटलं, मी त्या चाकापाशी असतो तर? परवापर्यंत याचं उत्तर मला माहीत होतं आणि म्हणूनच मी घाबरत होतो. आज उत्तर थोडं बदललं होतं. थोडंच. तेवढ्यावर माणूस दीड तास बसू शकतो. मधे एकदा डोळाही लागला. एवढी वर्षं मी वैमानिकांवर, कंपन्यांवर, पंखांवर चिडत आलो. एका बाईचं कार्ड ओढून काढून मी स्वतःच काय उडवून दिलं होतं, याच्यावर चिडायचं राहूनच गेलं होतं.

सोमवारी सकाळी कंपनीत पोचलो. मला ताकीदपत्र मिळालं आणि माल सोडायच्या कागदावर सही करायचा माझा अधिकार काढून घेतला. गिऱ्हाइकाने मात्र तो फॉर्म तसाच वरपर्यंत पाठवला होता, त्यामुळे शोभाताईंचं नाव यादीत ठेवण्यावाचून साहेबांना गत्यंतर राहिलं नाही. मी मुरुक्कूचा (तिकडची चकली) पुडा घेऊन तपासणीच्या टेबलाकडे गेलो. मनात म्हणाल तर माझी एक छोटीशी मिरवणूकच चालू होती. आता त्या डोळ्याला पदर लावतील, मी म्हणेन, अहो त्यात काय, कर्तव्य होतं.

शोभाताई टोले मारत होत्या. मान वर केली नाही.

"तुमचं नाव राहिलं यादीत," मी म्हणालो.

"व्हय. सांगितलं सायबांनी."

"मी तिकडे सगळं खरं लिहून दिलं. विमानाने गेलो. पहिल्यांदाच. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या विमानातच मला..." आणि मी त्यांना जाकीटवाला, काका, माझं भाषण, गचके, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी तेवढ्यात दोन ट्रे संपवले. एक नट बाजूला काढून लाल डब्यात टाकला. मग हातोडी खाली ठेवली, मुरुक्कूचा पुडा फोडून एक तोंडात घातली आणि चावत चावत माझ्याकडे पाहिलं.

"त्या शुक्रवारी तुमी हितंच हुबं व्हता. मी म्हनलं, सायेब, नगा सोडू. तवा तुमी गप. गुरवारी मोठं सायेब माझ्यावर वराडत व्हतं, तवा बी तुमी शेजारीच. तवा बी गप."

"अहो, तेव्हा परिस्थिती..."

"म्हंजे खरं बोलायला तुमास्नी आभाळात जावं लागतंय व्हय? मग रोज शिफ्टला विमानानंच येत जावा."